तेओलिंदाच्या टाचा

आमच्या गल्लीत तेओलिंदाएवढी बुटकी बाई दुसरी नाही आणि माझ्याएवढी उंच नाही. आम्ही दोघी बाजाराला निघालो की डॉमिनो खेळणारे म्हातारे विचारतात, "काय जिराफबाई, पिशवीत काय आणलंत?" पिशवी म्हणजे तेओलिंदा. एरवी ती त्यांचा उद्धार करते. त्या शनिवारी तिनं मान वळवली नाही. टाचा उंच, केसांचा मनोरा त्याहून उंच. मान वळवली असती तर सगळंच कोसळलं असतं.

त्या दिवशी तिच्या नेल्फीला पहिल्यांदाच अमेरिकन बेसबॉल संघांचे निवडणारे बघणार होते. पोर तेरा वर्षांचं, झाडूच्या दांड्यानं पाण्याच्या जारची झाकणं टोलवत वाढलेलं. ट्रेनर कुकोनं त्याला फुकट घडवलं होतं, पण आज कुणी नाव टिपून घेतलं नाही तर त्याची जागा दुसऱ्या पोराला जाणार होती. कुकोनं पोरांना बजावलं होतं, "आईला आणा. ते आईबापाची उंची बघतात. पोर किती वाढेल ते त्यावरून ताडतात."

म्हणून हा मनोरा. शुक्रवारची अख्खी दुपार बाई पार्लरात बसली होती.

साखर कारखान्यामागच्या मैदानात जाळीच्या आत पोरं आणि बाहेर आम्ही. नेल्फी असा धावला की जणू मागं कारखान्याचं कुत्रं लागलंय. त्यानं चेंडू फेकला तसा एका निवडणाऱ्यानं वेग मोजायचं यंत्र दुसऱ्याच्या नाकासमोर धरलं. मग बॅट हातात आली आणि चेंडू भिंतीवरून थेट उसात गेला. मी एवढी ओरडले की कुको म्हणाला, "बाई, तुला कुणी निवडणार नाहीये. गप बस."

एक ढेरपोट्या निवडणारा पेन काढून जाळीपाशी आला. "याची आई कोण?"

"मी," तेओलिंदा पुढं झाली. टाचा मातीत रुतल्या.

त्यानं खाली पाहिलं. "सेन्योरा, सँडल काढता?"

ती वाकली. पट्टा सुटेना. सुटला तेव्हा ती इतकी खाली आली, की मीसुद्धा नजर वळवली.

"अहो, मी मावशी!" मी छाती काढून उभी राहिले. "आमचं घराणंच उंच."

"सख्खी?"

"सख्खीहून जास्त."

जाळीपलीकडून नेल्फी हळूच म्हणाला, "शेजारीण आहे ती."

"बाप कुठंय?"

"पोर्तो रिकोला," तेओलिंदा म्हणाली. "उंच होता हो! दारातून वाकून यायचा."

पोर्तो रिकोला जाताना उंचीही घेऊन गेला मेला! तिनं पर्समधून फोटो काढला. त्यात तो मोटरसायकलवर बसलेला. निवडणाऱ्यानं फोटो आडवा केला, उभा केला. बसलेला माणूस काही उठेना.

"पोराचा हात चांगला आहे," तो म्हणाला. "पण..." आणि न लिहिताच पेनाला टोपण घातलं.

तोवर तेओलिंदा अनवाणी चवड्यांवर उभी होती. पोटऱ्या थरथरत होत्या. तो पुढच्या पोराच्या ताडमाड बापाकडे गेला तरी ती खाली येईना. शेवटी मीच खांद्यावर हात ठेवून तिला टेकवली.

परतताना नेल्फी शर्टानं सँडलची माती पुसत होता.

"कुठं चुकलास का रे?" तिनं विचारलं.

"नाही, आई."

"आठवून बघ ना. काहीतरी चुकलं असेल."

त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. काहीच सापडलं नाही. चूक असती तर सोमवारपासून सुधारता आली असती.

रविवारी सकाळी मी कॉफीचा कप घेऊन बाहेर आले, तर नेल्फी आंब्याच्या फांदीला लोंबकळत होता आणि तेओलिंदा त्याच्या एका पायाला धरून खाली ओढत होती. समोर म्हातारे बसलेले, डॉमिनो हातातच धरून.

"जिराफ, बघतेस काय?" ती दम खात म्हणाली. "तो दुसरा पाय धर!"

मी कप पायरीवर ठेवला आणि धरला.