पोपटाचा वाकडा पाय

सृष्टी कापडी पिशव्यांवर चित्रं काढून विकते. एक पाय बाहेर वाकवून बसलेला तिचा हिरवा पोपट पुण्यात चांगलाच खपतो. परवा शनिवार पेठेतल्या एका दुकानात तोच पोपट दुसऱ्याच कुणाच्या पिशव्यांवर दिसला आणि तिचं डोकं फिरलं. तिची वकील मैत्रीण रुपाली म्हणाली, "चित्र काढलं त्या क्षणापासून हक्क काढणाऱ्याचा. नोंदणी नसली तरी चालतं. फक्त ते तुझंच आहे हे दाखवता आलं पाहिजे."

"असला पाय दुसरं कोण काढतं?" सृष्टी फणकारली. पण तो आपण असा का काढतो, हे तिचं तिलाच सांगता येईना. दिवसभर तो पाय डोक्यातून जाईना. शेवटी तिने वडिलांनाच विचारलं, "अण्णा, मी लहानपणापासून पोपट असाच काढते ना?"

हिंमतराव तिला अंगणातल्या जुन्या टेम्पोमागे घेऊन गेले. मागच्या फळीवर, फाळक्यावर, रंग उडालेला पोपट होता. त्याच्या पायाच्या जागी नेमका बोल्ट आला होता, म्हणून पेंटरने पाय बोल्टाला वळसा घालून काढला होता.

सृष्टीने हातातली पिशवी शेजारी धरली. पिशवीवर बोल्ट नव्हता, तरी पाय तसाच वाकलेला.

"हा कुणी काढला, अण्णा?"

"खाली नाव हाय की," हिंमतराव म्हणाले. "पेंटर इंद्रजीत, येरवडा. त्या नावावरच बोट फिरवून तू अक्षरं शिकलीस."