गच्चीवरची लाल फुली

शत्रूची विमानं आमचं घर सोडून पुढं जावीत म्हणून मी रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर दवाखान्याची लाल फुली रंगवली. खाटेएवढी. तीही ऑइलपेंटनं.

एकाहत्तरच्या युद्धाच्या त्या हिवाळ्यात दिवस कलला की भुसावळ स्वतःला विझवून घेई... काचांवर खळीनं चिकटवलेले काळे कागद, त्यांचा आंबूस वास, निम्मे काळे केलेले मोटारींचे मिचमिचे दिवे, आणि आमच्या परसामागच्या रुळांवर ताडपत्री पांघरून निमूट उभ्या असलेल्या दारूगोळ्याच्या वाघिणी — त्यांच्या जवळून जाताना माणसं बिडीसुद्धा विझवत. पारोळ्याला दिलेली माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती रेल्वेच्या दवाखान्यात होती. गुरुजींनी वर्गात सांगितलं, युद्धालाही कायदा असतो; लाल फुलीच्या छपरावर बॉम्ब टाकत नाहीत. दवाखान्यावर फुली होतीच, म्हणजे अक्काची काळजी मिटली. राहिलो आम्ही! वडिलांच्या डब्यातला रंग संपेपर्यंत मी फुली रुंदावत राहिलो, आणि दुपारभर मनातल्या मनात स्वतःचा सत्कार करून घेतला.

संध्याकाळी वडील, आमचे आबा, वाळत घातलेल्या मिरच्या उतरवायला वर चढले. त्यांनी मारलं नाही. म्हणूनच मी जास्त घाबरलो.

"मागं काय उभंय?"

"वाघिणी."

"आणि वर दवाखाना! ही लबाडी वैमानिकाला कळली, की खऱ्या फुलीलाही तो खोटीच समजणार. तिच्याखाली कोण झोपलंय रे?"

मी रॉकेल ओतलं, विटेच्या तुकड्यानं घासलं, बोटांची सालं निघाली... फुली मात्र पुसट व्हायच्या ऐवजी पसरत चालली. तेवढ्यात भोंगा झाला. खालून आई "उतरा, उतरा!" म्हणून ओरडत होती, आबा आणि मी दोन्ही हातांनी त्या लाल रंगावर शेण थापत होतो, आणि डोक्यावर अंधारत जाणारं, निरभ्र, कसलीच हमी न देणारं आकाश होतं. एवढं मोठं आकाश मी पुन्हा पाहिलं नाही.

विमानं आली नाहीत. पहाटे अक्काला मुलगा झाला. शेण वाळून उडून गेलं. फुली क्वार्टर पाडेपर्यंत टिकली.

पुढं मी वकील झालो आणि त्या कायद्याच्या मागं लागलो. बचावाला कुणी नसलेल्या शहरावर तोफा डागू नयेत, असं हेगमध्ये ठरलं. मग विमानांनी शहरंच्या शहरं जाळली, तेव्हा जिनिव्हात नागरिकांसाठी करार झाला. त्याही नंतर, वस्ती कुठली आणि लष्करी ठाणं कुठलं हे ओळखूनच मारा करावा, असं कलम आलं... बहुतेक कलमं राख निवल्यावर लिहिलेली. खोट्या खुणेला मनाई करणारंही एक आहे. ते वाचताना मला रॉकेलचा वास आला होता. आता टीव्हीवर कोसळलेली शहरं दिसतात, दवाखानेही दिसतात, आणि मी उठून आवाज बंद करतो.

अक्का आता दीपनगरला राहते, त्याच पहाटे जन्मलेल्या मुलाकडं. तो वीजकेंद्रात आहे. मध्यंतरी तिथं सरावाचा भोंगा वाजला आणि तिचा कापऱ्या आवाजात फोन आला. धीर द्यायचा म्हणून मी कलमं सांगू लागलो — वस्तीवर मारा करता येत नाही, दवाखान्यावर तर नाहीच...

तिनं बरंच ऐकून घेतलं. मग पारोळ्याच्या, सासरच्या बोलीत म्हणाली,

"चूप बैस, भाऊ. तुले ती एक फुली पुसता उनी नही, अन् निंघना जगले कायदा शिकाडाले!"