काकूंच्या कॅमेऱ्यातली पट्टी

रविवार, १४ नोव्हेंबर १९९९, डोंबिवली. हजर: मी, हे आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी.

भावाने अमेरिकेहून आणलेला डिजिटल कॅमेरा महिनाभर बंद होता आणि आईचे शेवटचे फोटो त्यातच अडकले होते. शेजारी कारखान्यात मीटर दुरुस्त करतात. त्यांनी आमच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि काढलेला प्रत्येक स्क्रू जुन्या मिसळणाच्या डब्यातल्या वेगळ्या वाटीत ठेवला. अशी शिस्त मला आवडते.

ते सगळं दोनदा बोलतात. "होणार वहिनी, होणार." सेलला टेकणारी पट्टी गंजली होती. त्यांनी खिशातल्या पुडीतून दुसरी काढून बसवली, सोल्डरचा डाग दिला, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आई हसली.

"ही मिळाली कुठे?" मी डोळे पुसत विचारलं.

"तळमजल्यावरच्या काकूंच्या रिळाच्या कॅमेऱ्यातली. माझ्याकडे दुरुस्तीला आलाय ना! त्यांना घाई नाही, घाई नाही."

मी भडकले. "अहो, पुढच्या रविवारी त्यांच्या नातवाचं बारसं आहे! रोज विचारतात मला, माझा कॅमेरा झाला का गं म्हणून."

"तुमच्यासारख्या ओरडत नाहीत ना त्या," ते शांतपणे म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

म्हणजे जो ओरडत नाही, त्याचं सामान उचकटायचं! "आत्ता काढा ती पट्टी," असं मी म्हणायला हवं होतं. पण पडद्यावर आई होती.

आज शनिवार, २० नोव्हेंबर. उद्या बारसं. माझ्या आठवड्याच्या कामांच्या यादीतल्या एकाच ओळीवर अजून खूण नाही: काकूंची पट्टी परत करणे.