दोन्ही राउटर बंद, तरी उत्तर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण सांगताना मला अजून घाम फुटतो. त्या खोलीत माझ्या जागी तुम्ही असता ना, तर लॅपटॉप टाकून पळाला असता!

अंबरपेठेतली रक्ततपासणीची लॅब. माझं पहिलंच एकट्याचं काम. नववीत शाळा सुटल्यापासून मी केबलच ओढत होतो. कांबळे सर म्हणाले होते, "आज जमलं तर पुढची कामं तुझी. नाही तर आहेच केबल."

काम काय? राउटर दोन, पण दोघांत मिळून नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता एक. पहिला बंद पडला की दुसऱ्याने तो पत्ता लगेच उचलायचा.

खोली पूर्वी एक्स-रे धुण्याची. खिडकी नाही, भिंती काळ्या. वॉचमन ख्वाजाभाई उंबऱ्याबाहेरच थांबले.

"अंदर नहीं आते?"

"नक्को रे बाबा! पिछला टेक्निशियन चाय पीने गया, फिर आयाच नहीं."

मी बॅग उघडली.

दोन्ही राउटर लावले. लॅपटॉपवरून त्या पत्त्याला पिंग सुरू केलं, म्हणजे दर सेकंदाला एक हाक, समोरून एक उत्तर. पहिल्या राउटरची वायर उपटली. उत्तर आलं. वा! दुसऱ्याने पत्ता उचलला!

"दूसरा बी निकाले तो?" ख्वाजाभाईंनी विचारलं.

"मग गप्प होईल. बघा."

दुसऱ्याची वायर काढली. राउटरवरचे सगळे दिवे विझले.

उत्तर आलं.

पुन्हा आलं. पुन्हा.

"दोनों बंद हैं ना? फिर जवाब कौन दे रा?"

मी स्क्रीनकडे नीट पाहिलं. उत्तराला वेळ लागत होता जवळजवळ शून्य. म्हणजे उत्तर देणारा फार लांब नव्हता.

"कित्ता नजदीक?"

"इथंच... खोलीत."

ख्वाजाभाई दुआ पुटपुटू लागले. मी त्रिशरण सुरू केलं. एवढ्यात वरून लॅबच्या लक्ष्मी मॅडमनी तेलुगूत ‘धाकट्या भावा’ म्हणून हाक मारली, "तम्मुडू, नेट गया! रिपोर्ट के वास्ते पेशंट खडे हैं!"

सरांना फोन लावला. "सर, दोन्ही राउटर मेलेत. तरी पत्ता बोलतोय."

सर म्हणाले, "तुझ्या लॅपटॉपचा पत्ता वाच."

वाचला. एकेक आकडा तोच! सकाळी घरी सराव करताना तो मीच लॅपटॉपला दिला होता आणि काढायला विसरलो होतो. म्हणजे एवढा वेळ हाक मीच मारत होतो आणि ओ पण मीच देत होतो!

पत्ता बदलला, वायरी लावल्या. वर रिपोर्ट निघायला लागले. मग एकेक राउटर बंद करून पाहिला, नेट हललं नाही.

"मिला क्या?" ख्वाजाभाईंनी लांबूनच विचारलं.

"मिला."

"कौन था?"

"मैंच था."

ते दोन पावलं आणखी मागे सरकले.

आता सर मला एकट्याला पाठवतात. पण प्रत्येक कामाआधी त्यांचा फोन येतोच, "राउटर नंतर बघ. आधी तू कोण आहेस ते बघ!"