भावजींचे आठ आटे

गेल्या तीस वर्षांत आमच्या भावजींनी माणसाचं तोंड आधी पाहिलं आणि त्याच्या गाडीची चाकं नंतर, असं एकदाही घडलेलं नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. म्हसळ्याला नाक्याच्या थोडं पुढे त्यांचं टायरचं दुकान होतं. दारात गाडी थांबली की ते स्टुलावरून उठत, कमरेत वाकून चारी चाकांभोवती एक प्रदक्षिणा घालत आणि मग कुठे आत बसलेल्या माणसाला "या" म्हणत. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या कधीच लक्षात राहिली नाहीत. ‘डावीकडून टायर खाणारे डॉक्टर’, ‘हवा कमी ठेवणाऱ्या मास्तरीणबाई’, ‘एक नट हरवलेले तलाठी’ अशी त्यांनी अख्ख्या तालुक्याची खानेसुमारी केलेली होती. ताईला बघायला आले त्या दिवशीची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर नवरदेव गायब. शोधलं तेव्हा ते अंगणात वडिलांच्या स्कूटरशेजारी उकिडवे बसलेले. मुलगी नापसंत म्हणून हे बाहेर गेले, असं वाटून वडिलांचा चेहरा उतरला. तेवढ्यात हे हात झटकत आत आले आणि म्हणाले, "मागचं चाक जरा डुगडुगतंय. पण पसंत हाय." हे ताईबद्दल होतं की स्कूटरबद्दल, याचा खुलासा अजून झालेला नाही, असं ताई म्हणते.

दुकानदार म्हणून ते साफ नापास होते. मुंबईला नोकरीला असलेली गावची पोरं गणपतीत घरी आली की चकचकीत, रुंद अलॉय चाकं घेऊन त्यांच्या दारात उभी राहत. भावजी चाक पालथं घालत, पाठीवरची धूळ अंगठ्याने पुसत आणि तिथे कोरलेला बारीक आकडा वाचत. आकडा पटला नाही तर चाक परत गाडीत. वर चहा पाजून पाठवणी. एकाने चिडून म्हटलं, "काका, गाडी माझी आहे." त्यावर हे शांतपणे म्हणाले, "गाडी तुझी रे, पण समोरून येणारा माझ्या गावचा हाय."

मी त्या वेळी पनवेलला नोकरी करत होतो. गाडी घेतली ती त्यांच्याच सल्ल्याने, त्यांच्याकडे होती त्याच मॉडेलची. दोनएक वर्षं ती सुखाने चालली आणि मग मला चाकांचा मोह पडला. ओळखीच्या एकाने वापरलेली अलॉय चाकं विकायला काढली होती. काळीभोर, पाच दांड्यांची, माझ्या चाकांपेक्षा इंचभर रुंद. मी ती घेतली, गाडीत कोंबली आणि मोठ्या कौतुकाने म्हसळ्याला नेली. भावजींनी एक पालथं घातलं, आकडा वाचला आणि मान हलवली.

"पन्नास. तुझ्या गाडीला पंचेचाळीस लागतो. त्यात हे रुंद. आत घासणार. न्हाय बसायचं."

"अहो, भोकं तर जुळतायत!"

"गुण जुळले म्हणून संसार होतो काय?"

माझं तोंड पाहून त्यांना दया आली असावी. मला घरी नेऊन त्यांनी ताईच्या स्वयंपाकघरातली पिठाची चाळण उचलली. "ही चाळण म्हणजे चाक. आतली जाळी म्हणजे चाक गाडीला टेकतं ती जागा. आणि ही माझी मूठ म्हणजे गाडी." जाळी चाळणीच्या बरोबर मधोमध नसते, एका काठाकडे असते. त्यांनी मूठ एका बाजूने जाळीला टेकवली, तेव्हा जवळजवळ सगळी चाळण मनगटावर सरकली. मग चाळण उलटी केली आणि तीच मूठ पुन्हा टेकवली, तर ती सगळी पुढे गेली. "बघ. चाक तेच, गाडी तीच. मधल्या रेघेपासून जाळी किती बाजूला, त्याचं नाव ऑफसेट. आकडा वाढला की चाक आत जातं, घटला की बाहेर येतं." मग टोपलीतली एक तांदळाची भाकरी घेऊन त्यांनी ती मूठ आणि जाळी यांच्या मध्ये धरली. "आणि हा तुमचा स्पेसर, मध्ये घालायची चकती. आत गेलेलं चाक भाकरीएवढं बाहेर आलं. पण नट ज्यावर आवळायचा तो स्टड तेवढाच राहिला ना? त्याची लांबी भाकरीनं खाल्ली. नट आठ आटे फिरून बसला पाहिजे. त्याहून कमी बसला तर त्या गाडीत आपण माणूस बसवत न्हाय." एवढं होईपर्यंत त्यांचा शर्ट कोपरापर्यंत पांढरा झाला होता आणि ताई "अहो, ती भाकरी जेवायची आहे!" म्हणून ओरडत होती.

हसून सोडून द्यायला हवं होतं. मी नाही सोडलं. म्हणालो, "भावजी, तुमचं दुकान आहे तिथेच राहिलं, जग पुढे गेलं." ताईने भाकरी उचलून टोपलीत ठेवली. भावजींनी चाळण झटकली, खुंटीला अडकवली आणि "जेवून जा" एवढंच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मी शहरातल्या एका दुकानात ती चाकं चढवून घेतली. आत घासू नयेत म्हणून त्या माणसाने मध्ये धातूच्या जाड चकत्या घातल्या. जुनी चाकंही त्यालाच देऊन टाकली. गाडी दिसायला लागली झोकदार. वेग वाढला की स्टिअरिंग हातात थरथरायचं, पण खापर फोडायला आपल्याकडचे रस्ते आहेतच.

महिन्याभराने भाचीला कॉलेजच्या प्रवेशासाठी पनवेलला आणायचं होतं. सोबत ताईही येणार होती. मी आदल्या रात्री उशिरा म्हसळ्याला पोचलो, तेव्हा भावजी झोपले होते. सकाळी बॅगा गाडीत गेल्या, मायलेकी मागे बसल्या आणि मी चावी फिरवणार तोच भावजी समोर आले. अंगावर धुतलेला पांढरा सदरा. नेहमीप्रमाणे वाकले, ते वाकलेलेच राहिले. मग गाडीपुढे रस्त्यावर सरळ आडवे होऊन चाकाच्या आत बघायला लागले.

"अहो, लोक बघतायत!" ताई म्हणाली.

"बघू देत. दोघी उतरा."

उठले ते पाना घेऊनच. पहिल्या नटाला पाना लावून तो ढिला केला आणि पुढे बोटांनी फिरवत मोठ्याने मोजायला लागले. "एक. दोन. तीन. चार." नट त्यांच्या तळहातावर आला. दुसराही चारावर सुटला. तिसरा तर तीनच. भाची माझ्याकडे बघत होती. पुढच्या घाटाची वळणं माझ्या डोळ्यांपुढे आली. मला वाटलं, आता हे बोलणार. बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त घड्याळात पाहिलं आणि विचारलं, "प्रवेश किती वाजता हाय?"

मग त्यांनी परसात उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीची चारही चाकं काढली आणि माझ्या गाडीला चढवली. प्रत्येक नट हाताने फिरवून, मोजून बसवला. निघताना मी मागे वळून पाहिलं. त्यांची गाडी जांभ्याच्या चार चिऱ्यांवर उभी होती आणि ते मळलेल्या सदऱ्याने माझी काळी चाकं एकेक करून पडवीत ठेवत होते.

त्यांची गाडी तशी दीड महिना उभी होती. दुकानात ते सहा आसनी रिक्षाने, दाटीवाटीत बसून जात. मी रोज चाकं शोधत होतो, पण त्यांना फोन करायचं धाडस होत नव्हतं. शेवटी त्यांचाच आला. "ये. चाकं मिळाली." माझी काळी चाकं कुणाच्या तरी मोठ्या गाडीला अचूक बसत होती. ती त्याला देऊन त्यांनी त्याच्या गाडीला न बसलेली अलॉयच माझ्यासाठी घेतली होती. पंचेचाळीसची, माझ्या मापाची, चांदीच्या रंगाची. चढवून झाल्यावर चार पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून ते बघत राहिले. मला तेव्हा कळलं की त्यांना ही चाकं माझ्याइतकीच आवडत होती. मी म्हणालो, "भावजी, त्या दिवशी मी नको ते बोललो." ते टायरमधली हवा तपासत होते. "व्हय," म्हणाले, "बोललास खरा." आणि पुढच्या चाकाकडे गेले. तेवढ्यावर आमचं सगळं मिटलं.

आता ते दुकान राहिलेलं नाही. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा भाचीने दोघांना पुण्याला आपल्याकडे नेलं. सातवा मजला, लिफ्ट, समोर बाग, सगळं आहे. परवा फोन केला तर भावजी गॅलरीत बसले होते. "कसं वाटतंय तिथं?" मी विचारलं.

"बरं हाय. लेक जपते. पण इतक्या वरून गाड्यांची नुसती टपंच दिसतात रे."

म्हटलं, "रविवारी येतो भेटायला." मग त्यांनी हळूच विचारलं, "गाडी घेऊन येशील ना?"