पाणमांजराच्या काखेतला दगड

ओहोटी होती. शेजारच्या शालूवहिनी खाडीतल्या खडकावर बसून कोयत्याच्या टोकानं कालवं फोडत होत्या आणि मी त्यांचा डबा धरून उभा होतो. दहा-बारा हातांवर एक पाणमांजर उताणं तरंगत होतं. पोटावर शिंपलं, पंजांत दगड. ठकठक करून त्यानं शिंपलं फोडलं, आतलं खाल्लं आणि दगड टाकून न देता काखेत धरून ठेवला.

तो काखेतला दगड बघून मी हरखलो. उद्यासाठी काही जपून ठेवणारा प्राणी साधा नव्हे. मी मनातल्या मनात त्याला लाखो वर्षं देऊन टाकली. पंजाचं एक बोट अंगठ्यासारखं बाजूला सरकलं. आया पिल्लांना चांगला दगड निवडायला शिकवू लागल्या. पाण्यातच राहणारी, हत्यारं घडवणारी एक शहाणी जात माझ्यापुरती तयार झाली. आपल्यापेक्षा बरी निघेल, असंही वाटून गेलं.

"भावोजी, बघत काय राहिलात? आमच्याच कालवांवर टपलंय मेलं," असं म्हणत वहिनींनी धोंडा भिरकावला. तो नेमका त्याच्या डोक्यात बसला.

पाणी थोडं लाल झालं. मी डबा वहिनींच्या आणखी जवळ नेला. डब्यातली निम्मी कालवं माझ्याच घरी यायची होती.

बऱ्याच वेळानं ते लांबवर वर आलं. काखेत दगड नव्हता. ते आमच्याकडेच बघत होतं.

दगडाचा हा दुसरा उपयोग कळायला त्याच्या जातीला लाखो वर्षं लागली असती. आम्ही तो एका सकाळी शिकवून टाकला.