कलकत्त्याहून निघालेले पाच सूर

माझ्या हातून दुरुस्त झालेली पेटी वर्षभरात परत आली नाही आणि मी लिहिलेला पत्ता कधी चुकला नाही, असं मी एके काळी छातीठोकपणे सांगत असे. पेटीबद्दल आजही सांगतो. पत्त्याबद्दल मात्र तोंड जरा जपून उघडतो.

चंद्रपुरात परकोटाच्या आत आमचं वाद्यदुरुस्तीचं दुकान. आजोबांनी घातलं, अब्बांनी वाढवलं, आणि अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर माझ्याकडे आलं. घरात आम्ही हिंदी बोलायचो, पण वाद्याची गोष्ट निघाली की अब्बा आपोआप मराठीत शिरत, कारण गिऱ्हाइकं सगळी मराठी बोलणारी. भजनी मंडळं, शाळा, आणि सगळ्यांत मानाची म्हणजे झाडीपट्टीतल्या, या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्टीतल्या, नाटक कंपन्या. दिवाळी झाली, धान कापायला आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई तिथे नाटक. होळीपर्यंत हाच हंगाम. या नाटकांचा प्राण म्हणजे ऑर्गन, खाली पायांनी भाते मारायचे आणि वर दोन्ही हातांनी वाजवायची ती उभी, जड पेटी.

वडशाच्या एका नाटक कंपनीत तीस वर्षं ऑर्गन वाजवणारे एक मास्तर होते. साठी ओलांडलेले, अंगाने किडकिडीत, पायात कायम पांढरे मोजे. ते एका पावसाळ्यात दुकानात आले आणि रुमालाची गाठ सोडून पाच तुटके सूर त्यांनी अब्बांच्या हातात ठेवले. सूर म्हणजे पितळेची ती बारीक जीभ, जिच्यावरून वारा गेला की आवाज होतो. हंगामाच्या शेवटी गाडी नाल्यात आदळली होती आणि नेमके मधल्या सप्तकातले पाच सूर गेले होते.

"मॅनेजर कीबोर्डवाला घेऊन येऊन राह्यला," मास्तर म्हणाले. "म्हणते, पयल्या मंडईपर्यंत ऑर्गन बोलला तर तुमी, नाई बोलला तर तो."

"मग तुम्हीच कीबोर्ड शिका ना," मी म्हणालो. तेव्हा मला असली उत्तरं फार सुचत.

"पाय मारल्याबिगर माहे हात चालत नाई, बाबू," ते म्हणाले. चिडून नाही, स्वतःची उंची सांगावी तसं सांगितलं.

हार्मोनियमचे सूर ऑर्गनच्या घरात, म्हणजे सुरांच्या खाचेत, बसत नाहीत. अब्बांनी दोन घासून बसवता येतात का ते पाहिलं, पण आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आला. तसले ऑर्गन बनवणं केव्हाच बंद पडलेलं. अब्बा म्हणाले, "जुनी पेटी मोडली असेल कुठी, तर तिचे भेटतीन." आणि निघताना मास्तरांना त्यांनी नेहमीचा दम भरला. बिघडलेली पेटी दुरुस्त करणाऱ्याशिवाय कोणी उघडायची नाही, चादर घालून ठेवायची. आमच्या दुकानाचा हा नियमच होता. एका भजनी मंडळाने सुईने सूर खरवडून अख्खी पेटी मातीत घातली होती, तेव्हापासून अब्बा प्रत्येकाला हे बजावत.

मी सायबर कॅफेत जाऊन बसलो. त्या काळी चंद्रपुरात संगणकावर खरेदी करणारे आम्ही दोनचारच, आणि त्याची मला घमेंडही होती. एका ऑनलाइन बाजारात चार दिवस शोधल्यावर कलकत्त्याचा एक विक्रेता सापडला. जुन्या चर्चमधले ऑर्गन मोडून त्यांचे भाग विकायचा. आमच्या मापाचे पाचही सूर त्याच्याकडे होते. नागपूरच्या मावसभावाच्या कार्डावरून मी खरेदी केली. पानावर लिहिलं होतं, सात ते दहा दिवस.

पत्ता लिहिताना मी डोकं चालवलं. ऑर्गन वडशाला, सूर बसवायचे वडशाला, मग पार्सल चंद्रपूरला कशाला मागवायचं? वडशाला रेल्वे आहे, पोस्ट आहे. मी मास्तरांचं नाव टाकलं, खाली कंपनीचं नाव, खाली कचेरीची खूण. स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

दहा दिवस गेले. पंधरा गेले. मी विचारलं तर विक्रेत्याचं उत्तर आलं, "पूजा आहे, सगळं बंद आहे." मला वाटलं, हा देवाचं नाव पुढे करून टोपी घालतोय. अब्बा म्हणाले, तिकडे दुर्गापूजेत खरंच सगळं बंद असते. मी ऐकलं नाही. रोज एक संदेश, रोजचा शब्द कालच्यापेक्षा कडक. शेवटी त्याने रजिस्टर पार्सलचा नंबर पाठवला. मी तो नंबर दिवसातून तीनदा घालून पाहायचो. पार्सल नागपूरपर्यंत आलेलं दिसलं, मग पुढचं काही दिसेना. दिवाळी झाली. मास्तर एक दिवसाआड वडशाच्या बूथवरून फोन करत. त्यांचं बोलणं दोन शब्दांचं. "आलं काय?" मी म्हणायचो, येईल. माझ्या आवाजात खोट नव्हती, कारण मला खात्री होती की दोष कलकत्त्याचा आहे. त्या खात्रीपोटीच मी त्या बाजारात विक्रेत्याच्या नावासमोर सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं की हा माणूस माल पाठवत नाही.

पहिल्या मंडईचं नाटक कीबोर्डवर झालं. मास्तर त्या दिवशी विंगेत पेटीशेजारी बसून राहिले, असं मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने आणखी चार खेळांची मुदत दिली. शेवटचा कुरखेड्याचा. तोपर्यंत ऑर्गन बोलला नाही तर मास्तरांना घरी पाठवायचं आणि ऑर्गन गोदामात टाकायचा.

मी एसटी धरून वडशाला गेलो. पोस्टात मी आवाज चढवूनच शिरलो. पोस्टमनने शांतपणे रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. पार्सल येऊन नऊ दिवस झाले होते. खाली सही होती.

"कंपनीच्या गाडीवाल्याजवळ देल्लं," तो म्हणाला. "हंगामात कलाकाराची डाक गाडीतच जाते. कचेरीत कोण राह्यते? दरसाल असंच देतो आमी."

हे मला माहीत असायला हवं होतं. झाडीपट्टीत जन्म गेला, निम्मं गिऱ्हाईक नाटकवाल्यांचं, आणि हंगामात नाटक कंपनीचा पत्ता म्हणजे रस्त्यावर धावणारी गाडी, एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढचं आणखी वाईट. सही करणारा ड्रायव्हर धान कापायला आपल्या गावी गेला होता आणि नव्या ड्रायव्हरला पार्सल हा शब्दही माहीत नव्हता. माझ्या सांगण्यावरून त्याने गाडीतल्या पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या पेट्या सगळं उपसून पाहिलं. काही नाही.

जुन्या ड्रायव्हरचं गाव धानोऱ्याच्या पलीकडे, रस्ता सोडून दीड तास आत. कुरखेड्याच्या खेळाच्या आदल्या दिवशी मी तिथे पोहोचलो. तो बांधीत वाकून धान कापत होता. मी बांधावरूनच विचारलं, मास्तरांचं पार्सल कुठे आहे? त्याने विळा कमरेला खोसला.

"मास्तरच्या पेटीत ठेवलं ना."

"कुठल्या पेटीत?"

"ऑर्गनमंदी. मांगची फळी सरकवली अन् खाली ठेवून देल्लं. गाडीत त्याहून चांगली जागा कुठी आहे? तिले कोणी हात लावत नाई."

"आणि मास्तरांना सांगितलं नाही?"

"मास्तर झोपले होते. म्हटलं, रोज तिथीच बसते, दिसन त्याइले." मग माझा चेहरा पाहून त्याने विचारलं, "काऊन, दिसलं नाई का?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. त्याने मला घरी नेलं, पेज पाजली आणि मुक्काम करून सकाळच्या गाडीत बसवून दिलं.

कुरखेड्याला पोहोचायला दुपार झाली. मंडईसाठी मंडप उभा राहत होता, बायका पाल ठोकून बांगड्यांची दुकानं लावत होत्या. विंगेत चादर घातलेला ऑर्गन आणि त्याला लागून खुर्चीवर मास्तर, पायात तेच पांढरे मोजे. मी चादर काढली, मागची खालची फळी सरकवली. भात्याच्या बाजूला कापडात शिवलेला, लाखेचे ठसे मारलेला डबा होता. वरचं अक्षर मोठं सुबक होतं. त्या कलकत्त्याच्या माणसाने मी दिलेला पत्ता शब्दन्‌शब्द उतरवला होता.

इतके दिवस मास्तर त्या डब्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"मास्तर, एकदा तरी उघडून पाहायचं होतं," मी म्हणालो. राग अजून उतरला नव्हता, कुणावर तरी काढायचाच होता.

"तुह्याच बापानं सांगतलं होतं, उघडू नोको," ते म्हणाले. "तीस वर्सं आयकलं त्याइचं. आता काऊन मोडू?"

मला त्या क्षणी भयंकर लाज वाटली. चूक माझ्या पत्त्याची, नियम माझ्या दुकानाचा, आणि शिव्या खाल्ल्या कलकत्त्याने. त्या विक्रेत्याची मी पुढच्याच आठवड्यात माफी मागितली आणि लिहिलेलं मागेही घेतलं. त्याने उत्तरात एवढंच विचारलं, की पाचही नीट बसले का.

त्या दुपारी मात्र ते बसवायचे होते. माप बरोबर होतं, सूर घरात सरकले. पण जुन्या दुसऱ्या पेटीतले ते, बाकीच्यांशी मिळवून घ्यायला घासावे लागणार होते, आणि एवढं बारीक मिळवणं तोवर कायम अब्बांच्या कानाने होत आलेलं. मी मोबाइल लावला, मास्तरांना पाय मारायला सांगितलं आणि फोन पेटीजवळ धरला. चंद्रपुरात अब्बा दुकानात बसून ऐकत होते. "टोकाले घास," ते म्हणायचे. मी घासायचो. "अजून एक हात." मग, "बस." पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्यांनी मला दोनदा तो काढायला लावला. चौथा लावला आणि फोनची बॅटरी गेली.

तेवढ्यात मॅनेजर आला. प्रचाराची जीप बाहेर उभी होती, भोंगा बांधून तयार.

"वाजन का संध्याकाळी? खरं सांगा जी. मले गावात सांगा लागते."

दोन सूर बाकी होते आणि अब्बांचा कान आता चाळीस कोस लांब होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आपल्या मोज्यांकडे बघत होते.

"वाजेल," मी म्हणालो. "जाहीर करून टाका."

मॅनेजर गेला. मी चौथ्या सुरावर कानस ठेवली. आता ऐकणारा मीच होतो, आणि मला वाटलं त्यापेक्षा बरं ऐकू येत होतं. बाहेर जीप सुरू झाली. भोंग्यातून आधी नाटकाचं नाव आलं, मग नायक, नायिका, विनोदी नट. मग कीबोर्डवाल्याचं नाव. मग मॅनेजरने आवाज जरा लांबवला आणि ऑर्गनवर कोण, ते संपूर्ण नावानिशी सांगितलं.

मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "आयकू दे."

मी कानस खाली ठेवली. जीप बाजारातून गेली, बसस्टँडकडे वळली, तिथे पुन्हा तीच नावं झाली, पुन्हा त्यांचं झालं. मग ती पलीकडच्या वस्तीत शिरली. तिथून शब्द नीट लागत नव्हते, तरी ते मान कलती करून ऐकत होते, आणि माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. आवाज पार विरला तेव्हा त्यांनी हात काढला, पाय पेटीच्या पायट्यांवर ठेवले आणि म्हणाले,

"हं. कर आता."